पारसिकचा डोंगर तीन रंगांत: मर्यादित प्रतींची पहिली स्क्रीन प्रिंट कशी काढावी

आकाश, डोंगर, पाणी. एवढंच असलेलं निसर्गचित्र स्क्रीन प्रिंटमध्ये फार सुंदर उतरतं, आणि नव्याने शिकणाऱ्याला ते सोपंही वाटतं. आकार सोपे असतात हे खरं. पण सपाट रंगाच्या मोठ्या पट्ट्यात धुळीचा एक कण, जाळीत सुकलेला एक ठिपका, अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली कड हे सगळं लांबून दिसतं. बारीक तपशिलांनी भरलेल्या चित्रात अशा गोष्टी खपून जातात, इथे नाही. म्हणून चित्र ठरवायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ कागद, शाई आणि कडा यांच्यासाठी राखून ठेवा. ठाणे-नवी मुंबईतल्या साध्या फ्लॅटमध्ये, एका टेबलावर, वीस प्रतींची छोटी आवृत्ती काढायची असेल तर काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

हे तंत्र आपल्याकडे अनोळखी नाही. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, टी-शर्ट, नावाच्या पाट्या यांची छपाई वर्षानुवर्षं अशीच होते. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर नको तो भाग बंद करणारं स्टेन्सिल, आणि रबराच्या पट्टीने जाळीतून खाली ढकललेली शाई, एवढंच त्याचं यंत्र. एका रंगाला एक स्टेन्सिल. तीन रंग म्हणजे प्रत्येक कागद तीनदा जाळीखाली जाणार. चित्रकारांनी हे तंत्र मनापासून हाती घेतलं ते विसाव्या शतकात. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराची १९६६ सालची ‘स्टँडर्ड स्टेशन’ ही प्रिंट नवशिक्याने नक्की शोधून पाहावी. तिरका धावणारा एक पेट्रोल पंप आणि मागे निळ्यातून केशरीकडे विरघळत जाणारं आकाश, बाकी काही नाही. आवृत्ती फक्त ५० प्रतींची. ते आकाश एकाच फटक्यात, जाळीवर दोन रंग शेजारी शेजारी ठेवून छापलेलं आहे. ती युक्ती पुढे येईलच.

चित्र कुठून घ्यावं

कमीत कमी आकारांचं चित्र डोक्यातून काढण्यापेक्षा समोरचं बघून काढावं असं माझं ठाम मत आहे. डोक्यातला डोंगर नेहमी त्रिकोणी असतो, ठाणे खाडीपलीकडचा पारसिकचा नाही. त्याची माथ्याची रेघ लांबलचक, मध्येच खचणारी, पुन्हा हलकी वर येणारी आहे, आणि चित्राचा सगळा जीव त्या रेघेत असतो.

ठाण्याहून चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने खाडीपलीकडे पाहिलं की सकाळी सूर्य डोंगरामागून वर येतो. प्रकाश मागून असल्यामुळे डोंगराच्या अंगावरच्या सुरकुत्या, झाडं, इमारती सगळं एका रंगात बुडून जातं. संध्याकाळी हेच उलट्या बाजूने होतं. ऐरोलीच्या खाडीकाठावरून पश्चिमेला पाहिलं की मुलुंड-भांडुपच्या मागची राष्ट्रीय उद्यानाची डोंगररांग एकसंध दिसते. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावरून येऊरचा डोंगरही संध्याकाळीच पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने यासाठी उत्तम, कारण थंडीतल्या धुरकट हवेत लांबचा डोंगर फिकट आणि जवळचा गडद असे सरळ थर पडतात. पावसाळ्यात तोच डोंगर इतका स्वच्छ आणि हिरवा दिसतो, त्यावर इतके ओहोळ आणि छटा असतात, की तीन रंगांत काय ठेवावं हेच सुचत नाही.

खाडीचं चित्र करायचं तर भरती-ओहोटी बघून जा. पंचांगातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथेही उपयोगी आहे, फक्त खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. प्रतिपदा-द्वितीयेच्या सुमारास भरती दुपारी पाऊण ते दीडच्या आसपास येते. म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहा-सातच्या पुढे. डिसेंबरात सूर्योदयही सातच्या सुमारासच होतो. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत हटलेलं असतं आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पाण्याची पांढरी रेघ, अलीकडे गडद चिखल आणि तिवरांची कड, पलीकडे डोंगर अशी आयती मांडणी मिळते. फ्लेमिंगोही याच महिन्यांत असतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. पण पहिल्या प्रिंटमध्ये पक्षी घालू नका. गुलाबी ठिपका दिसला की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते आणि डोंगराची रेघ वाया जाते.

वहीत पोस्टकार्डाएवढ्या चौकटी आखून पाच-सहा स्केच करा. फोटो काढा, पण फोटोवरून थेट काम करू नका. फोटो सगळंच सांगत बसतो. घरी आल्यावर शाळेत वापरतो तो घोटीव कागद तीन छटांत आणा आणि कात्रीने आकार कापून पांढऱ्या कागदावर मांडून पहा. कापून मांडताना लगेच कळतं की कोणता आकार उगाच आहे. डोंगराची पट्टी एक सेंटिमीटर खाली सरकवली की आकाश किती मोठं होतं, चिखलाचा पट्टा पातळ केला की पाणी किती लांब जातं, हे इथे हातांनी ठरवायचं. जाळी हातात घेतल्यावर हे बदल महाग पडतात.

रंगांची विभागणी

या लेखापुरतं चित्र असं धरू: पहिला रंग आकाश, दुसरा डोंगर, तिसरा अलीकडचा चिखल आणि तिवरं. पाणी छापायचंच नाही, तिथे कागद मोकळा राहील. कागदाचा पांढरा हा फुकट मिळालेला चौथा रंग आहे आणि अशा चित्रात तोच सगळ्यात उजळ दिसतो.

फिकटाकडून गडदाकडे छापत जायचं. आकाशाची खालची कड डोंगराच्या माथ्याशी नेमकी जुळवायचा प्रयत्न करू नका. आकाश डोंगराच्या रेघेखाली चांगलं सेंटिमीटरभर उतरवा आणि गडद डोंगर त्यावर छापा. कागद केसभर सरकला तरी मध्ये पांढरी फट दिसणार नाही. डोंगराची खालची कड आणि चिखलाची वरची कड पांढऱ्या पाण्याला लागून आहेत, तिथे एकमेकांवर चढवायचा प्रश्नच नाही.

खरी अडचण डाव्या-उजव्या बाजूंची असते. आकाश, डोंगर आणि चिखल या तिन्हींच्या बाजूच्या कडा एका उभ्या रेषेत येणं नवशिक्याला जवळजवळ अशक्य आहे. जरा चुकलं की पायऱ्या दिसतात. यावर माझा उपाय सरळ आहे: चित्र ३० सेंटिमीटर रुंद छापा आणि सगळे रंग सुकल्यावर प्रत्येक बाजूने कागदासकट कापून ते २८ सेंटिमीटर करा. बाजूंना समास राहत नाही, वर तीन सेंटिमीटर आणि खाली सहीसाठी पाच सेंटिमीटर मोकळे राहतात. चित्राची उंची २० सेंटिमीटर धरली तर शेवटी २८ बाय २८ चा चौकोनी कागद हातात येतो आणि तो फ्रेममध्ये छान बसतो.

सामान

कागद आधी घ्या, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. कापसाच्या लगद्याचा, आम्लमुक्त, २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन), पृष्ठभाग फार खरखरीत नसलेला. खरखरीत कागदावर सपाट रंगाला बारीक पांढरे खड्डे पडतात. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद सुंदर असतो, पण तो घेताना गुळगुळीत निवडा आणि प्रत्येक ताव उजेडात धरून जाडी सारखी आहे का पहा. २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून २८ बाय ३८ सेंटिमीटरचे चार तुकडे निघतात. वीस प्रती हव्या असतील तर बत्तीस तुकडे तयार ठेवा, म्हणजे आठ ताव. प्रत्येक रंगाला दोन-तीन कागद बिघडतातच, आणि तिसऱ्या रंगाच्या वेळी कागद कमी पडले तर मागे जाऊन पहिले दोन रंग पुन्हा छापता येत नाहीत. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. कागद दमट हवेत एका दिशेला जास्त फुगतो, आणि काही कागद आडवे, काही उभे कापलेले असतील तर रंग जुळणारच नाहीत.

चौकट आतून साधारण ४६ बाय ३६ सेंटिमीटरची लागेल. जाळी पॉलिएस्टरची, ७७ टी किंवा ९० टी. टीच्या आधीचा आकडा म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती धागे. ४३ टी कापडासाठी ठीक आहे, कागदावर ती शाईचा जाड थर सोडते. १२० टीवर पाण्याची शाई पटकन अडकते. स्टेशनजवळच्या एखाद्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जाऊन विचारा. जाळी कुठे ताणून मिळते हे त्याला नक्की माहीत असतं, आणि वागळे इस्टेट, रबाळे, पावणे अशा औद्योगिक भागांत छपाईशी संबंधित कामं करणारे बरेच आहेत. ताणलेली जाळी बोटाने टिचकी मारून पहा. ती टणक वाजली पाहिजे. ढिली जाळी म्हणजे अस्पष्ट कड, त्याला दुसरा उपाय नाही.

रबर, म्हणजे स्क्वीजी, चित्राच्या उंचीपेक्षा थोडा मोठा, २५ सेंटिमीटरचा घ्या. ७० शोअरच्या (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) आसपासची कडक धार सपाट रंगासाठी चांगली. धारेवर नख फिरवून पहा, बारीकशी खाच असली तरी प्रत्येक प्रतीवर एक रेघ उमटेल.

शाई पाण्याचीच घ्या. दुकानदार थिनरवर चालणारी शाई सुचवेल, ती भराभर सुकते आणि प्लॅस्टिकवरही बसते, पण बंद फ्लॅटमध्ये तिचा वास आणि वाफ अंगाला बाधते. चांगला ॲक्रेलिक रंग आणि स्क्रीन प्रिंटिंगचं मीडियम निम्मं-निम्मं, त्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर थोडासा. रंगाची घट्टी मधासारखी हवी. कापडावर वापरतात तो बाइंडर-पिगमेंट कागदाला टाळा.

रंग मिसळताना एक काळजी महत्त्वाची: एका रंगाची पूर्ण आवृत्तीची शाई एकदाच मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवा. मध्येच संपली तर तीच छटा पुन्हा जमणं कठीण. ॲक्रेलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, तेव्हा ज्या कागदावर छापणार त्याच्याच तुकड्यावर शाई ओढून, सुकवून, दिवसाच्या उजेडात पहा. खाडीच्या आकाशासाठी पांढऱ्यात किंचित पिवळा आणि अगदी नखभर काळा, डोंगरासाठी राखाडीत निळा आणि थोडा तांबडा. निव्वळ काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी कागदावर मेल्यासारखा दिसतो. चिखलाचा रंग मात्र घाई न करता शोधावा. तो तपकिरी नाही, हिरवाही नाही, आणि ओला असताना निळसर असतो.

स्टेन्सिल

बहुतेक ठिकाणी फोटो इमल्शनची पद्धत शिकवतात. जाळीवर प्रकाशाला संवेदनशील लेप लावायचा, पारदर्शक फिल्मवर काळं चित्र ठेवून उजेड द्यायचा, काळ्याखालचा लेप पाण्याने धुऊन टाकायचा. तिवरांची बारीक खरखरीत कड किंवा पेन्सिलीची पोत हवी असेल तर त्याला पर्याय नाही. फक्त एक सांगून ठेवतो: काही स्वस्त लेपांमध्ये अमोनियम बायक्रोमेट मिसळायला देतात. ते विषारी आहे, त्यातल्या क्रोमियमने कर्करोगाचा धोका असतो, आणि घरात त्याला अजिबात जागा नाही. डायझोवर चालणारा किंवा तयार फोटोपॉलिमर लेपच घ्या. आणि उन्हात एक्स्पोज करायचं असेल तर पावसाळ्याच्या ढगाळ दिवसात वेळेचा हिशेब लागत नाही, हे लक्षात ठेवा.

पण तीन मोठ्या सपाट आकारांसाठी एवढं सगळं कशाला? गाडीवर अक्षरं चिकटवून देणाऱ्या रेडियमच्या दुकानात चिकट व्हिनाईल मिळतं. ते हाताने कापून जाळीच्या खालच्या बाजूला चिकटवलं की उत्तम स्टेन्सिल होतं. पाण्याच्या शाईने ते भिजत नाही, धुऊन पुसून पन्नासेक प्रती सहज निघतात. दुकानातलं यंत्र संगणकावरून आकार कापूनही देईल. तरीही डोंगराची रेघ स्वतःच्या हाताने, नव्या पात्याच्या कटरने कापावी असं मला वाटतं. मनगट जिथे थांबतं, जिथे वळतं, ते त्या कडेत उतरतं, आणि अशा चित्रात रेखाटन म्हणावं असं एवढंच असतं.

कापताना दिशा नीट समजून घ्या. व्हिनाईल जाळीच्या खालून चिकटणार, म्हणजे त्याची चिकट बाजू वर असणार. म्हणून मागच्या पांढऱ्या कागदावर चित्र सुलटं काढा आणि त्याच बाजूने कापा. मग पांढरा कागद वर ठेवून ते टेबलावर पसरा, कागद सोलून काढा, आणि जाळी वरून अलगद टेकवून आतून कापडाने दाबत जा. चित्र आपोआप सुलटं छापलं जाईल. व्हिनाईल आणि चौकट यांच्यामधली उरलेली जाळी तपकिरी पॅकिंग टेपने दोन्ही बाजूंनी बंद करा, नाहीतर शाई तिथून गळेल.

टेबल आणि जुळवणी

गुळगुळीत प्लायवूड किंवा सनमायकाचा तुकडा घ्या आणि त्याच्या एका कडेला बिजागरीच्या क्लॅम्पने चौकट बसवा. बिजागरी हलता कामा नये. चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यांखाली आणि बिजागरीपाशी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून जाळी आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर राखा. रबर जिथून जातो तिथेच जाळी कागदाला टेकली पाहिजे आणि लगेच सुटली पाहिजे. अंतर नसेल तर शाई कडेखाली पसरते.

कागद दरवेळी त्याच जागी यावा म्हणून तीन अडथळे चिकटवतात: दोन लांब कडेला, एक आखूड कडेला. कागदाच्याच जाडीच्या पुठ्ठ्याच्या छोट्या पट्ट्या पुरतात. तिन्ही रंगांना कागदाचा तोच कोपरा आणि त्याच दोन कडा अडथळ्यांना टेकवायच्या. मागे पेन्सिलीने छोटा बाण काढून ठेवला तर गोंधळ होत नाही.

दुसऱ्या रंगाच्या वेळी एक पारदर्शक पॉलिएस्टर शीट प्लायवूडवर एका कडेने टेपने लावा. जाळी खाली करून डोंगर त्या शीटवर छापा. आता जाळी वर उचला, आकाश छापलेला कागद शीटखाली सरकवा आणि डोंगर हवा तिथे येईपर्यंत हलवत रहा. जमलं की कागद न हलवता शीट अलगद मागे उलटा आणि कागदाच्या कडांना तीन अडथळे चिकटवा. तिसऱ्या रंगाला पुन्हा हेच. या कामाला अर्धा तास गेला तरी तो वाया गेलेला नाही.

छपाईचा दिवस

तिन्ही रंग एका दिवसात उरकायची घाई करू नका. एका दिवशी एक रंग, बत्तीसच्या बत्तीस कागद, मग पूर्ण सुकवण. मात्र हवा बदलायच्या आत तिन्ही दिवस गाठा. आज कोरडं आणि चार दिवसांनी ढगाळ, असं झालं की कागद मिलिमीटरभर वाढतो आणि रंग जुळत नाहीत. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तर मी अनेक रंगांची आवृत्ती घ्यायलाच सांगणार नाही. ते महिने स्केच, रंगाचे नमुने आणि एका रंगाच्या प्रिंट यांत घालवावेत.

घोडबंदर रोड असो की तुर्भे, रस्त्याची आणि बांधकामांची धूळ घरात येतेच. छापायच्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने फरशी आणि टेबल पुसा, रस्त्याकडच्या खिडक्या बंद करा, पंखा बंद ठेवा. पंख्याने धूळही उडते आणि जाळीतली शाईही सुकते.

काम असं चालतं. जाळीच्या डाव्या टोकाला शाईची जाड पट्टी ओता. चौकट किंचित उचलून, हलक्या हाताने रबर पुढे फिरवा, म्हणजे जाळीची भोकं शाईने भरतील. याला फ्लड म्हणतात. आता कागद अडथळ्यांना टेकवा, चौकट खाली करा, रबर साठ अंशांच्या आसपास तिरका धरा आणि एका सलग ओढीत उजवीकडून डावीकडे, किंवा बिजागरी कुठे आहे त्यानुसार तुमच्याकडे, ओढून आणा. मध्ये थांबलात तर तिथे उभी रेघ दिसेल. दाब दोन्ही हातांचा सारखा. चौकट उचला, ताबडतोब पुन्हा फ्लड करा, मगच छापलेला कागद काढा. फ्लड केलेली जाळी ओली राहते. कोरडी उघडी जाळी दोन मिनिटांतही अडकते. ठिपके दिसायला लागले तर पाण्याने ओलसर केलेल्या स्पंजने जाळी खालून टिपा, एक-दोन रद्दी कागदांवर छापा आणि पुढे चला. फोन बाजूला ठेवा.

आकाशाला विरघळणारा रंग हवा असेल तर रुशेची युक्ती इथे लागू पडते. रबर आडवा ओढणार आहात, म्हणजे त्याच्या धारेचं एक टोक आकाशाच्या वरच्या बाजूला आणि दुसरं क्षितिजाकडे आहे. वरच्या टोकाला निळसर शाई आणि खालच्या टोकाला फिकट पिवळी ठेवा. तीन-चार रद्दी कागदांवर ओढल्यावर मधला भाग मिसळतो. मग साधारण पंधरा-वीस प्रतींपर्यंत ते टिकतं, पुढे सगळंच एका छटेचं व्हायला लागतं. प्रत्येक प्रत थोडी वेगळी येते. हा दोष नाही, पण तसं लिहावं लागतं, ते पुढे सांगतो. पहिल्याच आवृत्तीत मात्र सपाट आकाश छापा. सपाट छापता आलं की बाकीचं येतं.

सुकवायला कपड्यांची दोरी आणि चिमटे पुरतात. चिमट्याखाली कागदाचा कपटा घाला म्हणजे वळ उठत नाही, आणि चिमटा कापून जाणाऱ्या बाजूला लावा. कागद एकमेकांवर रचायचे नाहीत.

संपल्यावर उरलेली शाई खरवडून डब्यात परत भरा, जाळीवरची पुसून काढा, आणि मगच धुवा. ॲक्रेलिकचं घट्ट पाणी मोरीत ओतलं तर ते नाल्यातून थेट खाडीत जातं. बादलीत बसू द्या, गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका. जाळी त्याच दिवशी धुतली नाही तर ती गेलीच म्हणून समजा.

निवड, आकडा आणि सही

सगळे कागद सुकून, बाजू कापून झाल्यावर टेबलावर पसरा. चांगल्या उजेडात बघा आणि कठोरपणे निवडा. जो कागद छपाई सुरू करायला योग्य वाटला होता त्याच्याशी प्रत्येक प्रत ताडून पहा. डोंगरात पांढरा ठिपका, पाण्यावर बोटाचा डाग, डोंगर वर सरकलेला, ती प्रत बाद. वीस ठरवल्या होत्या आणि सोळाच चांगल्या निघाल्या तर आवृत्ती सोळाचीच. आकडा आधी ठरवून त्यात बसवण्यासाठी वाईट प्रत घालू नका. घेणाऱ्याच्या हातात एकच प्रत असते आणि त्याच्यासाठी तेवढीच आवृत्ती असते.

खालच्या समासात पेन्सिलीने लिहायची पद्धत आहे: डावीकडे ७/१६ असा प्रतीचा क्रमांक आणि एकूण संख्या, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि साल. पेनाची शाई उडते, कागदात उतरते. पेन्सिल टिकते. स्वतःसाठी ठेवलेल्या थोड्या प्रतींवर ए. पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात, त्या आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात. प्रती एकमेकींपासून मुद्दाम वेगळ्या असतील, विरघळत्या आकाशासारख्या, तर क्रमांकासोबत ई. व्ही. (एडिशन व्हेरिएबल) लिहितात. एका वहीत चित्राचं नाव, कागद, रंगांची संख्या, छपाईचा महिना, एकूण प्रती, कोणती प्रत कोणाकडे गेली हे लिहून ठेवा. शेवटची प्रत निवडून झाली की व्हिनाईल सोलून फाडून टाका. त्या चित्राच्या त्याच आकारात, त्याच रंगांत पुन्हा प्रती काढायच्या नाहीत. मर्यादित हा शब्द लिहून पैसे घेतले आहेत, त्यामुळे इथे सवलत नाही.

हाच भाग विकत घेणाऱ्यालाही उपयोगी आहे. भारतात सय्यद हैदर रझांसारख्या मोठ्या चित्रकारांच्या सही केलेल्या सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंट, आवृत्त्या पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच मूळ रंगचित्रावरून स्टुडिओतल्या कारागिरांनी रंग वेगळे करून छापलेल्या असतात. सुरुवातीपासून स्क्रीनसाठीच विचार केलेलं चित्र ही वेगळी गोष्ट. दोन्ही घ्यायला हरकत नाही, फक्त आपण काय घेतोय ते विचारून घ्यावं: किती रंग, कागद कोणता, छापलं कोणी, आवृत्ती किती. आणि भिंग लावून पहा. यंत्रावरच्या डिजिटल प्रिंटमध्ये राखाडी रंगातही निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसतात. स्क्रीन प्रिंटचा रंग सलग असतो, आणि कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरला की एका रंगावर दुसरा चढला तिथे शाईचा बारीक उंबरा दिसतो. सर जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन लागलं की मुद्राचित्रणाच्या विभागात जाऊन हे जवळून पाहण्यासारखं असतं.

भिंतीवर लावताना

ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत कागदाचे शत्रू म्हणजे ओल, बुरशी आणि कसर. प्रिंट लॅमिनेट करू नका, पुठ्ठ्यावर डिंकाने पूर्ण चिकटवू नका, मागे सेलोटेप लावू नका. सेलोटेपचा पिवळा डाग दोन-तीन वर्षांत पुढे उमटतो आणि निघत नाही. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून प्रिंट आम्लमुक्त माउंट बोर्डवर टांगती ठेवावी, म्हणजे ती फुगली-आकसली तरी सुरकुतत नाही. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि कागद यांत अंतर ठेवून घ्या. ॲक्रेलिक शाई काचेला टेकली तर दमट दिवसांत चिकटून बसते. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावले की भिंतीशी हवा खेळती राहते.

पावसाच्या माऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि दुपारच्या उन्हासमोर ती लावू नका. उरलेल्या प्रती आडव्या, मध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालून, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी बाहेर काढून पंख्याखाली हवा द्या.